मोजमापाबाहेरची वीज : वऱ्हाडातील मोटर-दुरुस्तीच्या साधनांविषयी

त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी गावाला लागणारी बहुतेक कारागिरी बलुत्या-अलुत्यांच्या यादीत बसत होती. विहिरीवरच्या मोटेचे उदाहरण घेतले तर लाकूडकाम सुताराकडे, कणा नि कड्या लोहाराकडे आणि चामड्याची मोट चांभाराकडे, अशी वाटणी ठरलेली होती. पुढे मोटेच्या जागी तेलाचे इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली. ही मोटर जळाली म्हणजे ज्याच्याकडे धाव घ्यायची, तो माणूस मात्र कोणत्याही यादीत नव्हता. अमरावती, अकोला, अकोट, दर्यापूर, मोर्शी, वरुड अशा कोणत्याही गावी बसस्थानकापासून बाजाराकडे चालत गेले, तर ‘येथे सर्व प्रकारच्या मोटरी रिवाइंडिंग करून मिळतील’ अशी पाटी हमखास दिसते. पाटीखाली तांब्याच्या जळक्या वेटोळ्यांचा ढीग असतो. वऱ्हाडच्या शेतीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्याने या ढिगाकडे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

आम्ही मराठीचे अध्यापक. विद्युतशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही या दुकानांत बसून आम्ही जे पाहिले, त्यावरून एक विचार मनात पक्का झाला. वऱ्हाडातील शेतीच्या विजेचा इतिहास हा मोजमापाचा इतिहास आहे. म्हणजे कोणी काय मोजले आणि काय मोजायचे सोडून दिले याचा. शासनाने जे मोजायचे सोडले, ते मोजण्याची वेळ दुरुस्ती करणाऱ्यावर आली, आणि त्याच्या हाती त्यासाठीची साधने फार उशिरा पडली. या उशिराची किंमत शेतकऱ्याने जळालेल्या मोटरींत मोजली, क्वचित प्राणांतही.

आधी चौकट पाहू. १९५६ साली वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील पारस येथे औष्णिक वीजकेंद्र १९६० च्या दशकात उभे राहिले. जुने संच आता इतिहासजमा झाले असून २००८ आणि २०१० साली सुरू झालेले प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच तेथे आहेत. १९६९ साली केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत खांब आणि तारा गावाबाहेर विहिरीपर्यंत पोचल्या. खांबावरच्या रोहित्राला गावाने ‘डीपी’ म्हटले आणि तोच शब्द टिकला.

मोटरीबरोबर दुरुस्ती आली, आणि दुरुस्तीचे पहिले मापनसाधन म्हणजे साधा बल्ब. दुकानातल्या लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा बल्ब आणि बाहेर काढलेल्या दोन वायरी. यालाच ‘सिरीज’ म्हणतात. मोटरीच्या गुंडाळीची दोन टोके त्या वायरींना जोडायची. बल्ब मंद पेटला तर गुंडाळी शाबूत. पेटलाच नाही तर तार कोठे तरी तुटलेली. भगभगून पेटला तर आत शॉर्ट. मग एक वायर गुंडाळीला आणि दुसरी मोटरीच्या अंगाला लावायची. बल्ब पेटला तर ‘बॉडीला करंट येतो’, न पेटला तर मोटर ठीक. हजारो मोटरींचे निदान या एका फळीवर झाले आहे आणि त्यातले बहुसंख्य अचूक होते. कमी खर्चात, वीज असलेल्या कोणत्याही जागी आणि अक्षरओळख नसलेल्यालाही वापरता येणारे हे साधन ज्याने प्रथम वऱ्हाडात आणले, त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

पण हा दिवा एका बाबतीत फसवतो, आणि नेमके तेथेच माणूस मरतो. शंभर वॅटचा बल्ब नीट पेटायला सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह लागतो. समजा, मोटरीचे आवरण ओलाव्याने कमजोर होऊन तिचा रोध वीस हजार ओहमपर्यंत घसरला. या रोधातून २४० व्होल्टला जेमतेम १२ मिलिअँपिअर प्रवाह वाहील. एवढ्याने बल्बची तार लालसुद्धा होत नाही. दिवा सांगतो, ‘मोटर ठीक आहे.’ पण तोच प्रवाह ओल्या वाफ्यात अनवाणी उभ्या माणसाच्या हातातून गेला, तर स्नायू आखडतात आणि धरलेला पाइप सुटत नाही. दिवा खोटे बोलत नाही, त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो देतो. आपण मात्र त्या उत्तराचा अर्थ भलताच लावतो.

या प्रश्नाचे खरे उत्तर देणारे साधन जगात कधीच आलेले होते. इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड याने १८८९ साली विद्युतरोधन तपासणारे साधन तयार केले; पुढे व्हिग्नोल्स हा त्याचा भागीदार झाला आणि १९०३ मध्ये ‘मेगर’ हे व्यापारी नाव नोंदले गेले. हाताने दांडी फिरवायची, आतले छोटे जनित्र पाचशे व्होल्टचा दाब निर्माण करते आणि काटा रोध किती मेगाओहम ते दाखवतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही ही कसोटी आहे. कमी दाबाच्या जोडणीत तार आणि जमीन यांच्या दरम्यान ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट दिल्यावर रोध किमान एक मेगाओहम भरला पाहिजे. म्हणजे आपल्या दिव्याने ‘ठीक’ ठरवलेली वीस हजार ओहमची मोटर नियमाने मागितलेल्या रोधाच्या पन्नासाव्या हिश्शावर उभी असते. नियम पुस्तकात होता, मेगर कारखान्यांत आणि मंडळाच्या उपकेंद्रांत होता. शेतात मात्र फळीवरचा बल्बच होता.

दुसरे साधन म्हणजे टेस्टर, खिशाला अडकवायचा, आत निऑनचा इवलासा दिवा असलेला पेचकस. वायरमन म्हणून ओळख पटायला एवढा एक टेस्टर पुरत असे. पण टेस्टरला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढीच भाषा येते. ‘किती’ हा प्रश्न त्याला कळत नाही. दाब १५० व्होल्ट असो की २४०, तो सारखाच लुकलुकतो. त्याहून विलक्षण म्हणजे, तीनपैकी एक फेज गेलेला असतानाही जोडलेल्या मोटरीच्या गुंडाळीतून उलट फिरून आलेल्या दाबामुळे मेलेल्या तारेवरही तो पेटतो. मग ‘तिन्ही फेज आहेत’ असे समजून बटन दाबले जाते, मोटर घुमते, फिरत नाही आणि काही मिनिटांत वार्निश जळल्याचा वास येतो. हा वास वऱ्हाडातल्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाला परिचित आहे.

येथे आमच्यापैकी एकाच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. १९९९ च्या रब्बीत गहू ओंबीवर असताना वडिलांची पाच एचपीची मोटर एका हंगामात दोनदा जळाली. दोन्ही वेळा बैलगाडीतून तालुक्याला नेली, भरून आणली. दुरुस्त करणारा दोन्ही वेळा शेतावर आला, टेस्टर लावला आणि म्हणाला, “लाइन त हाये काकाजी, मोटरच कमजोर भरली असन.” तिसऱ्यांदा मोटर तापू लागली तेव्हा दुसऱ्या गावचा एक जण आला. त्याच्या पिशवीत काट्याचा मल्टिमीटर आणि चिमट्यासारखा टाँग टेस्टर होता. त्याने दोन फेजांमध्ये मीटर लावला. ४१५ व्होल्ट असायला हवे होते तेथे तीनशेच्या थोडा वर काटा होता. टाँग टेस्टरचा जबडा वायरीभोवती बसवला. साडेसातच्या जागी दहा अँपिअर. “एका एचपीले दीड अँपिअर,” तो म्हणाला, “याच्यावर गेली का मोटर जयतेच.” दाब घटला की तेवढेच पाणी उचलायला मोटर जास्त प्रवाह ओढते, आणि गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. साडेसाताचे दहा झाले म्हणजे उष्णता पावणेदोन पट झाली. दोन मोटरी कशाने गेल्या याचा उलगडा पाच मिनिटांत झाला.

पण गोष्ट येथे संपत नाही. दाब का घटला, असे वडिलांनी विचारले, तेव्हा त्याने आमच्याच स्टार्टरच्या पेटीकडे बोट दाखवले. पेटीत ऑटो स्विच होता. रात्री-बेरात्री वीज आली की शेतात न जाता मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून तो आम्ही बसवला होता. त्या डीपीवरच्या जवळजवळ प्रत्येक पेटीत तो होता. वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उठत, सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढत आणि दाब कोसळत असे. कपॅसिटर तर कोणीच बसवला नव्हता. वर काही आकडे टाकलेले होते ते वेगळेच. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी ऑटो स्विचची वायर स्वतःच्या हाताने काढली. शेजाऱ्यांनी काढली नाही. पुढच्या वर्षी ती डीपीच जळाली.

या प्रसंगाकडे आम्ही आता इतिहास म्हणून पाहतो. त्या डीपीवर किती व्होल्ट येतात हे मोजणे कोणाचे काम होते? १९५६ च्या नियमांनुसार कमी दाबाच्या ग्राहकाला मिळणारा दाब ठरलेल्या आकड्याच्या सहा टक्क्यांहून अधिक खाली-वर होता कामा नये. पण ज्या व्यवहारात काही मोजलेच जात नाही, तेथे टक्केवारीला अर्थ उरत नाही. १९७० च्या दशकापासून देशातील अनेक राज्यांनी शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू केली. महाराष्ट्र त्यांत होता. कारणे समजण्यासारखी होती. शेतोशेती हिंडून मीटर वाचणे खर्चाचे होते, आणि शेतकऱ्यालाही ठरावीक रक्कम सोयीची वाटत होती. परंतु मीटरबरोबर शेतातून मोजण्याची सवयच निघून गेली. किती युनिट वापरले हे कळेनासे झाले, तसे कोणत्या दर्जाची वीज मिळाली हेही.

याचा परिणाम दोन टोकांना झाला. एका टोकाला, न मोजलेली शेतीची वीज ही हिशेबातली सोयीची जागा बनली. १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या गटांनी त्याच्यापुढे आकडे तपासायला घेतले, तेव्हा शेतीच्या नावावर दाखवलेल्या विजेचा मोठा भाग प्रत्यक्षात गळतीचा आणि चोरीचा आहे, हे उघड झाले. शेतकरी फुकट वीज जाळतो, हा शहरी समज अंशतः मीटर नसल्यामुळे जन्मला. दुसऱ्या टोकाला अनुशेषाचा हिशेब. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाची मोजदाद केली, त्यात विद्युतीकरणही होते; पुढच्या अनुशेष समितीच्या काळातही अमरावती विभागातील शेतीपंपांचा अनुशेष चर्चेत राहिला. ही मोजदाद आवश्यकच होती. तिच्यामुळे वऱ्हाडावरचा अन्याय आकड्यांत मांडता आला. पण तीत पंपांच्या जोडण्या मोजल्या गेल्या, त्या जोडण्यांतून येणारे व्होल्ट नव्हेत. जोडणी मिळाली की अनुशेष कागदावर भरून निघाला. तीनशे व्होल्टवर जळणारी मोटर कोणत्याही रकान्यात नव्हती. ‘मापात पाप’ हा वाक्प्रचार आपण कमी तोलणाऱ्या दुकानदाराला लावतो. माप भलत्याच गोष्टीला लावणे हेही त्यातच धरायला हवे.

जे रकान्यात नव्हते ते मोजायला हळूहळू दुरुस्ती करणारा शिकला. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम एकाच पेटीत मोजणारे साधन १९२३ साली इंग्लंडच्या टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकाडी याने बाजारात आणले. निरनिराळी यंत्रे वाहून नेण्याचा त्याला कंटाळा आला होता. तिन्ही एककांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘अॅव्हो’ पडले. आपल्याकडे मल्टिमीटर म्हटले की नाशिकचे मोटवाने हे नाव पुढे येते. ज्या मोटवाने घराण्याच्या ‘शिकागो रेडिओ’च्या ध्वनिक्षेपकांवरून स्वातंत्र्यचळवळीतील सभा ऐकू आल्या, त्यांचेच हे मीटर. पण काट्याचा चांगला मीटर खेड्यातल्या मिस्त्रीला महाग होता. स्वस्त अंकीय मीटर आणि चिमट्याचे मीटर बाजारात आले तेव्हा कोठे ते त्याच्या पिशवीत पोचले.

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात या मीटरने काय बदलले, ते सांगण्यासारखे आहे. तेथे भूजल इतके खाली गेले आहे, की बोअर शेकडो फूट खोल असतात. पंप बंद पडला की घोडी उभारायची, चेनपुली लावायची आणि वीस-वीस फुटांचे पाइप एकेक करून वर ओढायचे. सहाशे फुटांना तीस पाइप आणि पाच-सहा माणसांचा दिवस. आता जाणता मिस्त्री आधी वरच केबलची तीन टोके मोकळी करून दोन-दोन टोकांमधला रोध मोजतो. तिन्ही आकडे सारखे आणि मेगरवर गळती नाही, तर दोष खाली नाही. स्टार्टरमध्ये किंवा लाइनमध्ये शोधा. तीनशे-चारशे रुपयांचा मीटर असा दिवसभराची मजुरी वाचवतो.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात याच साधनांचा अनुभव निराळा आहे. सबमर्सिबल मोटरीची गुंडाळी पाण्यातच असते. तारेवरचे प्लास्टिकचे आवरण हाच काय तो आडपडदा. त्याला सुईएवढे छिद्र पडले, तरी खारे पाणी गोड्यापेक्षा अधिक प्रवाह वाहून नेते. शिवाय काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, खांब कलतात. उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की जमिनीकडे जाणारी वाट रोधते. मीठ, कोळसा आणि पाण्याचा हंडा हा त्यावरचा जुना उपाय. तो योग्यच आहे. पण तो पुरेसा झाला की नाही, हे अर्थ टेस्टरशिवाय कळत नाही, आणि तो टेस्टर आजही क्वचितच दिसतो.

या दुकानांतली आणखी एक वस्तू आम्हांला मोलाची वाटते, ती म्हणजे वही. जळालेली गुंडाळी कापून काढण्यापूर्वी वायंडर तिचे वेढे मोजतो, मायक्रोमीटरने तारेची जाडी घेतो, किती खाचांवरून तार गेली ते टिपतो. ‘खाचे ३६, गेज, टर्न, पिच’ असा एका ओळीत मोटरीचा अख्खा जन्मवृत्तान्त. चाळीस-चाळीस वर्षांच्या अशा वह्या आम्ही पाहिल्या. कोणत्या वर्षी किती मोटरी जळाल्या, तीन एचपीच्या जागी साडेसात एचपी कधी आली, पाणी किती खोल गेले, हे सगळे त्यांत आहे. पाठ्यपुस्तकाने ‘विभवांतर’ आणि ‘रोध’ हे शब्द घडवले, ते आवश्यकच होते. या वह्यांत ‘कच्ची भरलेली मोटर’, ‘बसकी लाइन’, ‘बॉडी मारते’ असे शब्द आहेत. तेही मराठीच, आणि जळालेल्या बोटांनी घडवलेले.

आज चित्र पुन्हा बदलते आहे. एप्रिल २०२४ पासून राज्याने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली, ती मार्च २०२९ पर्यंत असणार आहे. शेतकऱ्याला याची गरज होती, हे कोणी नाकारणार नाही; पण बिल शून्य झाले की दाब किती आला हे विचारण्याचा शेवटचा निमित्तधागाही तुटू नये. दुसरीकडे सौर पंप येत आहेत. त्यांच्या तबकड्यांतून येणारी वीज एकदिश असते, आणि रोहित्राच्या तत्त्वावर चालणारा साधा टाँग टेस्टर एकदिश प्रवाह दाखवतच नाही. जबडा बसवला, आकडा शून्य आला म्हणून वायर मेली असे समजणाऱ्याच्या हाती ऊन असेपर्यंत शेकडो व्होल्ट खेळत असतात. बल्बने जी फसवणूक साठ वर्षांपूर्वी केली, तीच आता नव्या रूपात उभी आहे. या पंपांची दुरुस्ती पाच वर्षे पुरवठादाराकडे असते. त्यानंतर ते आपल्या बसस्थानकाजवळच्या दुकानातच येणार. तोवर त्या माणसाच्या पिशवीत योग्य मीटर आणि डोक्यात त्याचा अर्थ असावा, ही व्यवस्था कोणी तरी करायला हवी. तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे.

आणि आम्ही? मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही मराठी गद्याची जन्मभूमी. तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ तेथे सिद्ध झाले आणि आता तेथेच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून. त्याच रिद्धपूरच्या शिवारात आज बोअरवर मीटर लावणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या वह्यांना वाळवी लागते आहे. या वह्या उतरवून घेणे हे आमचे काम होते, आणि आम्ही ते केले नाही. अमरावतीच्या ज्या दुकानात आम्ही सर्वाधिक बसलो, तेथे भिंतीवर मेगर आहे आणि त्याच्या शेजारी जुनी सिरीजची फळीही आहे. मिस्त्री आधी बल्ब लावतो, मग मेगर फिरवतो. दोन्ही का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “बल्ब सांगते मोटर चालते का. मेगर सांगते माणूस वाचते का.”